नेन्यांची येमाया

गळ्यात कंपनीचं आयडी कार्ड, खांद्याला लॅपटॉपची बॅग, पायात सेफ्टी शूज, वय वर्षं अठ्ठावन्न. असा एक मराठी माणूस लिफ्टमध्ये एकटाच, नसलेल्या घागऱ्याचे काठ दोन्ही हातांत धरून कमरेतून हेलकावे घेतोय, हे दृश्य सकाळी सकाळी, पोटात चहासुद्धा गेलेला नसताना, कुणाच्याही नशिबी येऊ नये. माझ्या आलं. मी दूध आणायला निघालो होतो. लिफ्टचं दार उघडलं आणि आत आमचे शेजारी नेने हे असे. मला वाटलं, मला बघून हा माणूस निदान थांबेल. घागऱ्याचे काठ न सोडता ते म्हणाले, "आत ये पाटणकर. लाट आहे ही. आधी बारीक, मग मोठी होत जाते."

मी आत गेलो आणि तळमजला येईपर्यंत मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभा राहिलो.

शारजात, अल मजाजला, खाडीकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका टॉवरमध्ये नेन्यांचं दार आमच्या दारासमोर आहे. नेने फुजैराच्या बंदरात काम करतात. जहाजांनी इंधन भरायचं आणि निघायचं, आणि ती वेळेवर निघावीत म्हणून जो माणूस दिवसभर फोनवर ओरडतो तो म्हणजे नेने. एखादं जहाज तासभर रेंगाळलं की यांचं ब्लडप्रेशर वाढतं. ही घाई ते बंदरावर ठेवून आले असते तर आमचं काही म्हणणं नव्हतं. पण ते ती रोज डोंगर ओलांडून घरी आणतात.

नेन्यांसमोर कुणाचं वाक्य कधी पूर्ण झालेलं मी ऐकलं नाही. एकदा मी म्हणालो, "काल आईला..." लगेच नेने, "ॲडमिट केलं? अरेरे. कुठल्या हॉस्पिटलला?" आईला मी फक्त फोन केला होता. कुणी जरा लांबण लावली की हात वर करून "यल्ला, मुद्दा!" म्हणायचं, ही त्यांची खास लकब; यल्ला म्हणजे इकडच्या अरबीत 'चला, आटपा'. आमच्याकडच्या सत्यनारायणाला तर त्यांनी कमाल केली. गुरुजी साधुवाण्याच्या कथेत जरा रमले होते, तर हे मागून म्हणाले, "होडी बुडाली, परत वर आली, खलास. आरती घ्या गुरुजी." गुरुजी इतके दचकले की त्यांनी खरोखरच आरती घेतली. मंजू, म्हणजे माझी बायको, आठवडाभर त्या घरात प्रसादाचं ताटही घेऊन गेली नाही.

या घाईचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला झाला असेल तर वसुधा वहिनींना. वहिनी गोष्टीवेल्हाळ. भाजी आणायला गेल्या तरी त्याची गोष्ट करून सांगणार. "अहो, तो पठाण भाजीवाला आहे ना, तो आज..." की नेने, "भाव वाढवला म्हणाला. पुढे." वहिनी हसून गप्प बसायच्या आणि नेने दुसऱ्या खोलीत गेले की मंजूला उरलेली गोष्ट सांगायच्या.

पावणेदोन वर्षांपूर्वी वहिनींना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, काठी घेऊन चालायला लागल्या. हातही बराचसा वळला. वाचा मात्र परत येईना. डोक्यात शब्द असायचा आणि ओठांवर भलताच यायचा. पाणी हवं असायचं आणि तोंडातून "खुर्ची" निघायचं. आपण चुकलो हे त्यांना बरोबर कळायचं, आणि मग त्या रडायच्या. काही महिन्यांनी त्यांनी बोलायचा प्रयत्नच सोडून दिला. गोष्टी सांगणारं ते माणूस खिडकीशी बसून दिवसभर खाडीतलं पाणी बघू लागलं. आम्हाला ते बघवायचं नाही.

आणि अशा वेळी, बायको या अवस्थेत असताना, नेने नाचायला लागले! दर मंगळवारी आणि शनिवारी वहिनींजवळ आयाबाईंना बसवून नेने दुबईला, अल कूझला जायचे. तिथे एका क्यूबन बाईकडे क्यूबातले आफ्रिकन नाच, ढोल आणि गाणी शिकायचे. हे मंजूने कुठून तरी काढलं आणि मला सांगितलं तेव्हा मी हातातला रिमोट खाली ठेवला.

"एका क्लासचे शंभर दिरहम, अहो! म्हणजे बावीसशे-तेवीसशे रुपये. आणि ती बाई त्यांना काय म्हणते माहीत आहे? त्यांच्या भाषेत नेने म्हणजे बाळ. ती अख्ख्या क्लाससमोर त्यांना बाळ म्हणून हाक मारते!"

"बाळ?" माझा आवाज चिरकला.

आमच्या कन्येने मोबाइलमधून मान वर केली. "बाबा, इट्स फोक डान्स. लेट हिम बी, ना."

ती इथेच वाढलेली आहे. तिला कशाचाच धक्का बसत नाही. मला मात्र रोज नवा बसत होता. पार्किंगमध्ये बंद गाडीत बसून नेने स्टिअरिंगवर दोन्ही हातांनी ठेका धरायचे. कॉरिडॉरमधून परक्या भाषेतल्या ओळी ऐकू यायच्या, त्याही नेन्यांच्या भसाड्या आवाजात. एके दिवशी तर खाडीकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्यांनी निळी ओढणी कमरेला गुंडाळून लाटा काढल्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत थेट पुण्याला वहिनींच्या धाकट्या भावाकडे, श्रीधररावांकडे पोहोचला.

श्रीधररावांचा मला फोन आला. बँकेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्या दिवशी मात्र एका दमात बोलले.

"पाटणकर साहेब, दाजींचं डोकं ठिकाणावर आहे का? ताई मुकी होऊन पडली आहे आणि हे ओढणी नेसून नाचताहेत. मी तिला घेऊन जातो. व्हिसा, तिकीट, सगळं बघतो. तुम्ही फक्त डोळ्यांनी बघा आणि मला खरं काय ते सांगा. तुमच्या शब्दावर ठरवतो."

म्हणजे वहिनी इथे राहणार की जाणार हे आता मी ठरवायचं! दोन रात्री नीट झोप नाही. शेवटी शनिवारी सकाळी मी नेन्यांना म्हटलं, "आज मी तुमच्याबरोबर..."

"क्लासला येतोस? चल. सॉक्स धुतलेले आहेत ना? बूट बाहेर काढावे लागतात."

एकदाचं त्यांनी माझं वाक्य बरोबर पूर्ण केलं.

जी क्यूबन बाई मी डोळ्यांसमोर आणली होती तिचं वर्णन मंजूला सांगण्यासारखं नव्हतं. प्रत्यक्षात दार उघडलं ते गुडघ्याला पट्टा बांधलेल्या, चांगल्या सत्तरीच्या, ऐसपैस बाईंनी. मारिसोल त्यांचं नाव. कधी काळी हॉटेलातल्या नाचाच्या ताफ्याबरोबर आल्या आणि इथेच राहिल्या. त्यांनी माझ्या पाठीत प्रेमाने एक धपका घातला आणि मी खुर्चीत बसलो.

समोर तीन ढोल होते. पखवाजासारखे दोन तोंडांचे, मांडीवर आडवे घ्यायचे. सगळ्यात मोठ्या ढोलाला आई म्हणतात. आई काहीतरी विचारते, मधला उत्तर देतो आणि धाकटा आपला एकच हेका धरून बसतो. नेन्यांनी लहानपणी दोन वर्षं तबल्याचा क्लास केलेला, त्यामुळे पहिल्या दिवशी त्यांनी ढोलांना वाकून नमस्कार केला आणि "सम कुठे आहे?" असं विचारलं. बाईंना सम म्हणजे काय हे समजावण्यात म्हणे अख्खा तास गेला. अजूनही नेने बोटांवर मात्रा मोजत होते आणि बाई येता-जाता त्यांच्या बोटांवर चापट मारत होत्या. "डोन्ट काउंट, नेने! लिसन!"

मग गाणं सुरू झालं. येमायाचं. येमाया म्हणजे समुद्राची देवी, सगळ्यांची आई. आफ्रिकेतून गुलाम करून क्यूबाला नेलेल्या माणसांनी बरोबर नेलेली ही देवी आणि ही गाणी. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. त्या दिवशी ओळ टाकायची पाळी नेन्यांची होती. त्यांनी ओळ टाकली आणि कुणी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देऊन टाकलं.

"नो, नेने! वेट!" बाई गरजल्या. ढोल थांबले. "यू कॉल. दे आन्सर. दे नो आन्सर, यू वेट."

"सॉरी, सॉरी," नेने म्हणाले. पुन्हा ओळ. पुन्हा तेच. सगळ्या वर्गासमोर, कोवळ्या पोरापोरींसमोर, हा माणूस सहा-सात वेळा बोलणी खात होता आणि मुकाट्याने परत सुरुवात करत होता. फुजैरात याच्यापुढे जहाजाचे कॅप्टन चळचळ कापतात. मी थक्क होऊन बघत राहिलो.

क्लास संपल्यावर मी बाईंना गाण्याचा अर्थ विचारला. त्या हसल्या. "एव्हरी वर्ड? माय ग्रँडमदर ऑल्सो नॉट नो एव्हरी वर्ड. शी नो व्हेन टु आन्सर."

परत येताना गाडीत मी श्रीधररावांच्या फोनबद्दल सगळं सांगून टाकलं. वाटलं, नेने आता फाडून खाणार. त्यांनी फक्त गाडीचा वेग कमी केला.

"ने म्हणावं," ते म्हणाले. "त्याची बहीण आहे. पण एकदा घरी येऊन बघ. डॉक्टर म्हणाले होते, गाण्यातून कधीकधी वाचा परत येते. म्हणून आम्ही आरत्या म्हणून बघितल्या. पहिल्याच कडव्यात तिचा शब्द चुकला. तिला कळलं, मला कळलं, देवालाही कळलं. रडली. त्यानंतर तोंड उघडेना. मग एकदा अल कस्बाला या बाईंचा कार्यक्रम होता. बाईंनी लोकांना उत्तर द्यायला लावलं. सगळी माणसं काहीतरीच म्हणत होती आणि वसूचे ओठ हलले, पाटणकर. मी बघितले. यातलं चूक काय नि बरोबर काय, कुणाच्या बापाला कळत नाही. येमायाला कळत असेल, पण तिची आपली ओळख नाही."

"आज संध्याकाळीच येतो," मी म्हणालो.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. वहिनी सोफ्यावर बसल्या होत्या. नेन्यांनी पाण्याचा मोठा रिकामा कॅन आडवा मांडीवर घेतला. ते सुरुवात करणार एवढ्यात माझा मोबाइल वाजला. श्रीधरराव! आज कळवतो म्हणालो होतो.

"काय ठरलं, साहेब? तिकीट काढू?"

"इथेच आहे मी. ऐका जरा," म्हणत मी फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवला.

नेन्यांनी कॅनवर ठेका धरला आणि ओळ टाकली. मग हात थांबवले आणि वहिनींकडे बघत राहिले.

वहिनींचे ओठ हलले. आवाज नाही. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. मला ती सोसेना. क्लासमध्ये ऐकलेलं उत्तर मला येत होतं, वहिनींना मदत म्हणून मी तोंड उघडलं. नेन्यांनी झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हॅलो? हॅलो?" फोनमधून श्रीधरराव. "आवाज येत नाहीये. लाइन कट झाली का?"

"थांब, श्रीधर," नेने अगदी हळू म्हणाले. "तिची ओळ आहे."

आम्ही थांबलो. वहिनींनी काठीवरची मूठ आवळली. मान किंचित पुढे झाली. आणि घशातून, खरवडून काढल्यासारखा, सुरात नसलेला आवाज आला.

"ये... माया."

डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही. नेन्यांनी पुढची ओळ टाकायची होती, पण ते ती साफ विसरले होते.

फोनमधून श्रीधरराव लहान मुलासारखे म्हणाले, "ताई?"

वहिनींनी चमकून फोनकडे पाहिलं. ओठ पुन्हा हलायला लागले. आणि आम्ही तिघंही, मी, फोनवरचे श्रीधरराव आणि चक्क नेने, काही न बोलता वाट बघत राहिलो.