मगदुमांच्या गाडीचा सायलेन्सर

भूपालअण्णा मगदूम यांनी घरामागच्या शेडमध्ये बांधायला घेतलेली गाडी चार आणेही झाली नव्हती, तेव्हापासूनच जयसिंगपुरातल्या लोकांना ती लहानपणापासून आठवायला लागली.

पहिल्यांदा आठवली ती तात्या उपाध्यांना. तात्यांना पोस्टातून रिटायर होऊन जमाना झाला होता. सकाळी फिरून येताना ते शेडच्या दारात थांबले, आत चार चाकांवर उभी असलेली उघडी चेसिस त्यांनी बघितली आणि म्हणाले, "ही अजून आहे होय? मला वाटलं, आप्पांच्या मागं तुम्ही मोडीत काढली असेल."

"तात्या, ही नवीन आहे," भूपालअण्णा म्हणाले. "चेसिस तेवढी जुन्या जीपची आणलीय. बाकी सगळं मी घरात करणार."

"ते असेल तुझं. पण तुझे आप्पा ही घेऊन वखारीत जायचे. बॉडी नव्हती. मध्ये एक फळी टाकलेली असायची, तिच्यावर बसायचे. आम्हाला तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही."

भूपालअण्णांनी गाडीकडं बघितलं. चाकं फिरतात का ते बघायला आदल्याच दिवशी त्यांनी चेसिसवर एक फळी टाकली होती.

आप्पा म्हणजे भूपालअण्णांचे वडील. तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर असायचे. जन्मभर सायकलवरून गेले आणि सायकलवरूनच आले. त्यांना गाडी मिळाली हे ऐकून भूपालअण्णांना बरं वाटलं. फळीवर बसायला लागलं याचं मात्र वाईट वाटलं, म्हणून त्यांनी बाकीची कामं बाजूला ठेवली आणि आधी सीटा करायला घेतल्या.

भूपालअण्णा फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा हुबेहूब नमुना आधी लाकडात करायचा. त्यांनी केलेल्या नमुन्यांवरून पंप झाले, गिअरबॉक्स झाले, ते कुठंकुठं गेले. पण आपण केलेली वस्तू चालताना त्यांना कधी बघायला मिळाली नाही. फौंड्रीच्या ऑफिसात पूर्वी एक कॅलेंडर होतं, त्यावर एक स्पीडस्टर होती. लांब नाक, बुटकी काच, वर टप नाही, बाजूला दारं नाहीत, आणि बसायला दोनच माणसं. वर्ष संपल्यावर ते पान त्यांनी मागून घेतलं होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी सागवानाच्या पट्ट्यांचा सांगाडा करायला घेतला आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून बसवायला लागले.

सीटा बसल्या त्या आठवड्यात तात्या परत आले. "सीटा मऊ होत्या," ते म्हणाले. "तुझी आई शेजारी बसायची. उन्हाचं डोक्यावर पदर धरून."

"फळी नव्हती?"

"फळी कशाला असेल? सीटा होत्या की."

यातून भूपालअण्णांच्या लक्षात आलं, की गाडी जेवढी होते तेवढीच लोकांना आठवते, आणि जशी होते तशी आठवते. त्यांनी त्याचा नीट उपयोग करून घेतला. गाडी अजून शेडबाहेर निघाली नव्हती, पण गेली साठ वर्षं ती चाललेली होती. तेव्हा चालवून बघायची गरजच नव्हती, विचारलं की झालं. स्टिअरिंग जोडल्यावर ते तात्यांच्या घरी गेले. "वळणावर कशी जायची?"

तात्यांनी डोळे मिटले. "डावीकडं ओढायची. आप्पा दोन्ही हातांनी धरून बसायचे."

भूपालअण्णांनी घरी येऊन पुढच्या चाकांचा कोन सारखा केला. दुसऱ्या दिवशी तात्यांना विचारलं तर म्हणाले, "छे. सरळ जायची. आप्पा एका हातानं चालवायचे, दुसरा हात असा बाहेर टाकून." आणि आप्पांचा हात कसा असायचा ते त्यांनी करून दाखवलं. भूपालअण्णांनी आपल्या वडिलांना असा हात टाकून बसलेलं कधी बघितलं नव्हतं. ते थोडा वेळ तात्यांच्या हाताकडं बघत राहिले.

"मला का नाही हो आठवत?" त्यांनी विचारलं.

"तू बांधत होतास ना," तात्या म्हणाले. "तुला वेळ कुठून मिळणार?"

सगळंच असं गोड होतं असं मात्र नाही. इंजिन बसवलं त्यानंतर उदगावहून हौसाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. मागं त्यांचा भाऊ नेमगोंडा काठी टेकत, लंगडत आला.

"तुमच्या आप्पांनी माझ्या भावाला उडवलं," हौसाबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं आम्ही बोललो नाही. पण गाडी परत काढताय असं कळलं, म्हणून आले."

भूपालअण्णांनी दोघांना खुर्च्या दिल्या. "नेमगोंडा, तुम्ही कधीपासून लंगडता?"

"पूर आला होता त्या सालापासून."

"गेल्या महिन्यात बस्तीत दर्शनाला भेटलो तेव्हा तुम्ही चांगले चालत होता."

नेमगोंडांनी विचार केला. "गेल्या महिन्यात चालत होतो, खरं आहे. पण लंगडतोय ते पुराच्या सालापासून."

भूपालअण्णांना ते पटलं. आप्पांनी आयुष्यात मुंगीला दुखावलं नव्हतं आणि आता त्यांच्या नावावर एका माणसाचा पाय होता. "आप्पांनी ब्रेक मारला नाही का?"

"मारला की. लागला नाही."

कसा लागणार? ब्रेक बसवायचेच होते. इंजिनाच्या नादात ते मागं पडले होते. भूपालअण्णांनी दोघांची हात जोडून माफी मागितली आणि ते लगेच कामाला लागले. ड्रम बसवले, नळ्या जोडल्या, तेल भरलं. नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात, तेव्हा त्यांनी बायकोला हाक मारली. राजमती पदर खोचून आत बसली. "दाब" म्हटलं की पॅडल दाबायची, "सोड" म्हटलं की सोडायची. शेवटचा बुडबुडा गेला तेव्हा पॅडल दगडासारखं घट्ट झालं.

पुढच्या रविवारी नेमगोंडा सायकल मारत आले, हँडलला केळ्यांचा घड लावून. "आप्पांची आठवण झाली," ते म्हणाले. "पुराच्या साली कचकन ब्रेक मारला नसता, तर माझा पाय गेला असता बघा." भूपालअण्णांनी केळी ठेवून घेतली.

मग इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. धुराच्या नळीला सायलेन्सर नव्हता. स्पीडस्टरला तो नसावाच, असं भूपालअण्णांचं पहिल्यापासून मत होतं. आवाज असा आला की शेडचे पत्रे थरथरले. फौंड्रीच्या खडखडाटात वय गेलेल्या त्या माणसाला, आपण केलेल्या वस्तूचा हा आवाज आहे, या विचारानं हसूच आवरेना. दोन दिवसांत गावालाही तो आवाज आठवला. मगदुमांची गाडी निघाली की वखारीच्या छपरावरची कबुतरं उडायची, मास्तर फळ्यावर लिहायचे थांबायचे, असं जो तो सांगायला लागला. सांगताना लोकांचे चेहरे खुलायचे.

राजमतीचा तेवढा उतरला. ती चहा ठेवायची आणि न बोलता जायची. एका दुपारी भूपालअण्णांनी विचारलं, "काय झालंय?"

"काही नाही. जुनी गोष्ट आहे."

"किती जुनी?"

"लग्नाआधीची." ती सीटच्या कडेवरून हात फिरवत होती. "तुम्ही मला बघायला कुरुंदवाडला आलात, याच गाडीतून."

"एसटीनं आलो होतो मी. मामांबरोबर."

"मामा कुठं बसणार? दोनच तर सीटा." हे तिनं अगदी सहज सांगितलं. "तुम्ही एकटेच आलात. आमच्या बाबांना म्हणालात, नदीच्या घाटापर्यंत एक चक्कर मारून आणतो. बाबा हो म्हणाले. घाटाच्या रस्त्यावर मी तुम्हाला एक गोष्ट विचारली."

"काय?"

"तुम्हाला ऐकूच आली नाही. कानावर हात ठेवून हसलात आणि गाडी पळवलीत. मला वाटलं, जाऊ दे, पुढं कधीतरी विचारू. मग संसार सुरू झाला."

"आता विचार."

"आता कसं विचारू? ते तेव्हा विचारायचं होतं."

ती कप घेऊन आत गेली. भूपालअण्णा शेडमध्ये बसून राहिले. खरं तर त्यांना आठवत होतं ते असं: एसटीत शेवटच्या बाकावर मामा, हातात पेढ्यांचा पुडा, आणि समोर खाली मान घालून बसलेली मुलगी. लग्न होईपर्यंत दोघं एक शब्द बोलले नव्हते. तेव्हा ती बोलायचा प्रयत्न करत होती, हे आता कळत होतं. गेल्या आठवड्यापासून ती तीसपस्तीस वर्षं गप्प होती.

त्यांनी सांगलीहून सायलेन्सर आणला.

ही बातमी गल्लीत पसरली तशी गणेश मंडळाचे अध्यक्ष विद्याधर चौगुले दोन माणसांना घेऊन आले. चहा झाल्यावर ते म्हणाले, "सायलेन्सर बसवताय असं कळलं."

"हो. उद्या."

"मंडळाचं म्हणणं आहे, बसवू नये."

"लोकांना त्रास होत असेल की आवाजाचा."

"कुणालाही त्रास नव्हता, तोच तर मुद्दा आहे. आमची पिढी त्या आवाजावर वाढली. मी मॅट्रिक पास झालो ते सांगायला वडील धावत आले, तेव्हा मागून तुमची गाडी चालली होती. ते तोंड हलवत होते, मला ऐकू येत होता गाडीचा आवाज. तुम्ही सायलेन्सर बसवलात तर त्या जागी काय ऐकू येणार?"

भूपालअण्णांनी विचार केला. "वडील काय म्हणाले ते ऐकू येईल."

"ते ठीक आहे," चौगुले म्हणाले. "पण आवाज घालवायचं कारण काय?"

"घरगुती आहे."

"घरगुती कारणासाठी सार्वजनिक आवाज बंद करणं बरोबर नाही, एवढा मंडळाचा विरोध लक्षात घ्या."

"घेतला," भूपालअण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इंजिन एकदा सुरू केलं, डोळे मिटून पोटभर ऐकून घेतलं, आणि बंद केलं. मग नळी कापून सायलेन्सर वेल्ड केला. परत किल्ली फिरवली तेव्हा दुपारच्या वेळी कुणीतरी गुणगुणत काम करावं तसा आवाज आला. वाईट नव्हता. आपला नव्हता, एवढंच.

चौगुले आठवड्यानं बाजारात भेटले. "आम्ही त्या दिवशी तुमच्याकडं कशाला आलो होतो हो?"

"चहाला."

"असं होय." ते जरा घुटमळले. "आमच्या वडिलांची आठवण येते अलीकडं. फार मोजकं बोलायचे, पण चांगलं बोलायचे."

राजमतीच्या चेहऱ्यावरचा तो भाव गेला. ती पहिल्यासारखी बोलायला लागली, भाजीत मीठ जास्त झालं तर हसायला लागली. म्हणजे प्रश्न ऐकू गेला होता. म्हणजे भूपालअण्णांनी काहीतरी उत्तर दिलं होतं. काय दिलं, हे विचारायचा त्यांना धीर होईना. नाही म्हणालो असलो तर? ती हसते त्या अर्थी हो म्हणालो असेन. पण कशाला? विचारायला जावं तर ती म्हणणार, विसरलात? ते पत्रा घासत राहिले. प्रायमर मारला, मग गडद हिरवा रंग मारला. तोवर गावातल्या जुन्या लग्नांच्या आठवणींत गाडी प्रायमरच्या तांबड्या रंगातच उभी होती. ती एका दुपारीत हिरवी झाली आणि कुणी काही बोललं नाही.

गाडी पुरी झाली. भूपालअण्णांनी नवा शर्ट घातला, शेडचं दार उघडलं आणि गाडी ढकलत रस्त्यावर आणली. त्यांना वाटलं होतं, लोक जमतील. कुणी जमलं नाही. समोरच्या बाईंनी कपडे वाळत घालता घालता बघितलं आणि पुढचा कपडा पिळायला घेतला. भाजीवाल्यानं हातगाडी जरा बाजूला घेतली, रोजच्यासारखी. सगळ्यांनी ती जन्मभर बघितली होती. अख्ख्या गावात ती पहिल्यांदा बघणारा माणूस एकच होता.

ते किल्ली आणायला आत गेले. किल्ली खुंटीला नव्हती. बाहेर आले तर राजमती स्टिअरिंगवर बसलेली, पदर कमरेला खोचून, चष्मा पुसत.

भूपालअण्णा उभेच राहिले.

"बसा की," ती म्हणाली.

ते वळसा घालून गेले, बाजूवरून पाय टाकून शेजारच्या सीटवर बसले. तिनं गाडी सुरू केली, क्लच सोडला, आणि एकही हिसका न बसता ती गल्लीच्या तोंडाशी आली. तिथं तात्या उपाध्ये उभे होते. "सूनबाई, कुरुंदवाडला काय?" त्यांनी विचारलं.

"हो तात्या. काही आणायचं आहे?"

"काही नको. सावकाश जा."

शिरोळच्या रस्त्याला लागल्यावर तिनं गिअर बदलला. भूपालअण्णा कान लावून बसले होते. गिअरबॉक्स कसा आहे ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि तो दात वाजवल्याशिवाय बदलणं सोपं नव्हतं.

"हे कुठं शिकलीस?"

तिनं त्यांच्याकडं बघितलं. "असं काय विचारता? घाटाच्या रस्त्यावर मी म्हटलं नव्हतं का, मला गाडी शिकवाल का म्हणून?"

"मग मी काय म्हणालो?"

"काहीच म्हणाला नाहीत. गाडी थांबवलीत, खाली उतरलात, आणि वळसा घालून या बाजूला येऊन बसलात."

भूपालअण्णांनी हात गाडीबाहेर टाकला. दोन्ही बाजूंना उसाचे मळे होते. पत्रा कुठं वाजत नव्हता, सीट पाठीला बरोबर लागत होती, काचेवरून वारा थेट डोक्याला लागत होता. बांधताना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटत होतं.

"पुढं मोठा खड्डा आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे," राजमती म्हणाली. तिनं स्टिअरिंग आधीच वळवलं होतं.