सोळा मेहुणं अळणी जेवली

आमच्या बागेतल्या बिनशंखाच्या गोगलगायींनी माझ्या सोळा सोमवारांच्या उद्यापनाचं आमंत्रण स्वीकारलं, पण एका अटीवर: स्वयंपाकात मीठ नको.

अट रास्त होती. जूनपासून मी वाफ्याभोवती मीठच टाकत आले होते. सोमवार तेवढा सोडून. व्रताच्या दिवशी हातून जीव जायला नको, म्हणून त्यांना डब्यात गोळा करून मागच्या ओढ्याकाठी सोडायचे. त्या परत यायच्या. झेंडूची रोपं, पालक, तुळशीचे कोवळे शेंडे, काही म्हणून ठेवत नव्हत्या.

उद्यापनाला सोळा मेहुणं, म्हणजे नवरा-बायकोच्या सोळा जोड्या, जेवू घालायची असतात. कॉलनीत मला एकही मिळेना. कुठे काका उरलेले, कुठे काकू, बाकीचे मुलांकडे पुण्याला. माझ्याकडेही हे जाऊन चार वर्षं झाली. व्रत धरलं ते मृदुलासाठी. लेकीच्या लग्नाला मी गेले नाही, तेव्हापासून ती या घरात आली नाही. तिनं एकदा यावं, एवढंच मागणं. पण उद्यापन राहिलं की व्रत अपुरं.

घैसास गुरुजींना विचारलं. त्यांनी चष्मा लावून वाफा पाहिला.

"या जातीत नर आणि मादी एकाच देहात असतात, वहिनी. म्हणजे प्रत्येकी एक मेहूण. हरकत नाही."

"आणि ओटी?"

"डाव्या अंगाला ठेवा."

बुधवारी मी वाफ्यात जाऊन अक्षता दिल्या. शेजारच्या सुलभाताई कुंपणावरून म्हणाल्या, "अहो, परवा यांना डब्यात भरत होतात, आणि आता पाट मांडणार?"

"पाट नाही हो, नुसती केळीची पानं," मी म्हटलं. "पाट त्यांना उंच होतो."

सोमवारी बारा वाजेपर्यंत ओसरीवर कुणीच नव्हतं. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. साडेबाराला सोळाही आली, ओळीनं बसली.

पान वाढताना आधी मीठ, ही पन्नास वर्षांची सवय. चिमूट पहिल्या पानावर पडणार, तोच थोरल्या मेहुणानं शिंगं आत घेतली.

"वहिनी, शब्द दिला होतात."

मी वाटी आत ठेवली, हात तीनदा धुतले आणि पंगतीची क्षमा मागितली.

"होतं असं," मेहूण म्हणालं. "आम्हीही येता येता तुमचा झेंडू खाल्ला."

शिरा, वरणभात, कोशिंबीर, सगळं अळणी. कोशिंबीर दोनदा मागून घेतली. शेवटी पानंही खाल्ली. उष्टी काढायचं काम राहिलं नाही.

"व्रत कशासाठी होतं?" थोरल्यानं विचारलं.

मी सांगितलं. लग्नाचंसुद्धा सांगितलं, जे गुरुजींनाही सांगितलं नव्हतं.

"तिला बोलावलंत?"

"पत्र घातलंय. चुकले म्हणून लिहिलं. उत्तर नाही."

मेहुणांनी आपसात शिंगं लावून विचार केला.

"वहिनी, आम्ही बुधवारी अक्षता मिळाल्या तशी निघालो. वाफ्यापासून ओसरीपर्यंत. बाराला तुम्हाला काय वाटलं?"

"येत नाहीत, असं."

"निघाली असेल. ती तर लांबून यायची."

गुरुजींनी उद्यापन पूर्ण झाल्याचं सांगितलं, दक्षिणेचा नारळ घेतला आणि सायकलवर बसून गेले. मेहुणंही उठली. पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवायची आपली रीत, म्हणून मीही निघाले. पहिली पायरी उतरायला त्यांना तीन वाजले. मी तिथेच बसले आणि आम्ही बोलत राहिलो, मृदुला लहानपणी कशी जेवायची ते. दिवेलागणीला आम्ही दुसऱ्या पायरीवर होतो. कितीतरी वर्षांत माझ्या घरून निघताना कुणी इतका वेळ लावला नव्हता.