रावणाचं खातं

मालोजीमामांनी माझ्या दुकानाच्या हिशेबात पहिलं खातं उघडलं ते रावणाच्या नावानं. दुसरं हनुमानाचं. तिसरं सीतेचं उघडायला घेतलं आणि अगदी सरळ चेहऱ्यानं मला विचारलं, "हिचं माहेरचं नाव घालू की सासरचं?" मी हातातली कात्री खाली ठेवली आणि मनात म्हटलं, झालं, म्हातारा कामातून गेला.

आधी दुकानाचं सांगते. म्हैसूरला लष्कर मोहल्ल्यात, एका सायकलवाल्याच्या शेजारी, माझं नाटकाचे कपडे भाड्यानं देण्याचं दुकान होतं. पुढं एक खोली, मागं एक अंधारी खोली, बस्स. शाळांची गॅदरिंगं, गल्लीतल्या गणपतीपुढची नाटकं, दसऱ्यातली सोंगं, सगळ्यांना लागणारे मुकुट, गदा, दाढ्या, शेपट्या मी स्वतः करायची. कागदाचा लगदा, सरस, बेगड, टिकल्या, ह्यात माझा दिवस जायचा आणि बरीचशी रात्रही. हात झकास चालायचा. पैशाच्या बाबतीत डोकं मात्र ठार बंद. आलेले पैसे मिरचीच्या डब्यात, आणि गेलेले कुठं गेले ते चामुंडीदेवीला ठाऊक. आमचे हे रेल्वेच्या वर्कशॉपात. महिन्याच्या शेवटी ते हटकून विचारायचे, दुकान आपल्याला पोसतंय की आपण दुकानाला? मला उत्तर यायचं नाही, आणि उत्तर आलं नाही की मला राग यायचा.

म्हणून मालोजीमामांना गाठलं. ते काही माझे सख्खे मामा नव्हेत. मोहल्ल्यातल्या सगळ्याच मराठी घरांचे ते मामा. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत घोडेस्वार होते. घोडा गेला, बैठक तेवढी राहिली, त्यामुळं मामा लाकडी स्टुलावरसुद्धा पाठ ताठ करून बसायचे. बन्नूरला एका गुळाच्या अडत्याकडं त्यांनी जन्मभर हिशेब लिहिला, रोज बसनं जाऊन येऊन. आता काम सुटलं होतं. बायको फार पूर्वी गेली, मूलबाळ नाही, पलीकडच्या गल्लीत एक खोली. मी त्यांना एकच प्रश्न विचारला. म्हटलं, मामा, बाकी काही नको, हे दुकान चालवण्यात अर्थ आहे का एवढंच सांगा. ते म्हणाले, "बघू. लेक्का लागू दे, मग सांगतो."

लेक्का म्हणजे आमच्याकडं हिशेब. पुण्याचे पाहुणे आमचं हे अर्धं कन्नड मराठी ऐकून हसतात. हसोत बापडे. मामांचं तर आणखीनच वेगळं होतं. शाळा कन्नड, म्हणून पाढे आणि बेरजा ओठातल्या ओठात कन्नडात चालायच्या, पण बेरीज चुकली की शिव्या मात्र मराठीत.

तर रावणाचं खातं. मी विचारलं, हे काय मामा, खाती शाळांची घालतात ना? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता हे उठून जाणार. बन्नूरला म्हणे गुळाची प्रत्येक ढेप कुणा ना कुणा शेतकऱ्याच्या नावाची असायची. ढेप पावसात भिजली तर नुकसान त्याचं, भाव चढला तर फायदा त्याचा. माल बिननावाचा असूच शकत नाही. आणि तिथं ढेपेला तोंड नसायचं तरी नाव होतं, मग इथं तर प्रत्येक मालाला तोंड आहे. शाळा काय, आज येईल उद्या जाईल, कमावतोय कोण? रावण. झिजतोय कोण? रावण. मग खातं कुणाचं? मी कात्री पुन्हा उचलली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहाला काळ्या कोटात, बूट घालून मामा हजर. रावणाच्या मिशीला सरस लागला, घाला रावणाच्या नावे. एका शाळेत कुणीतरी त्याच्या दहा डोक्यांवर बसलं, त्याची डागडुजी रावणाच्या नावे. दहा डोकी रिक्षात मावत नाहीत म्हणून त्याला वेगळी रिक्षा लागायची, तीही त्याच्याच नावे. त्यामुळं रावण कायम तोट्यात. गिऱ्हाईक नसलं की मामा खुंटीवर टांगलेल्या रावणाकडं बघून म्हणायचे, "सुम्ने बसून खातोस, नुसता फुकट. जरा हनुमानाकडून शीक." हनुमान खरंच गुणी होता, एक शेपटी आणि एक गदा, वर्षभर कुठं ना कुठं कामाला. सीता त्याहून शहाणी, एका साडीत सगळं भागवणारी. आणि बाळकृष्णाचं तर विचारूच नका. गोकुळाष्टमीच्या आठवड्यात तो एकटा सगळ्या घराला पोसायचा, म्हणून मामा त्याला "यजमान" म्हणायचे.

माझ्याकडं धनुष्य एकच होतं. ते रामाला घेतलेलं, पण अर्जुन बाहेर निघाला की त्यालाही तेच द्यायचे मी. मामांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुसऱ्याची वस्तू न विचारता वापरायची, आणि तेही क्षत्रियानं? त्यांनी अर्जुनाच्या खात्यातून रामाच्या खात्यात धनुष्याचं भाडं वळतं करायला सुरुवात केली. वर्षाअखेरीला अर्जुनाकडं रामाची बाकी निघाली, तर मामा दोन दिवस अर्जुनाशी बोलले नाहीत. मी हे थट्टेनं सांगत नाही, खरंच ते त्याच्या खुंटीकडं बघत नव्हते.

एकदा देवराज मोहल्ल्याकडच्या एका शाळेच्या हेडमास्तरीणबाई आल्या. त्यांना भीम हवा होता आणि भाड्यात सूट हवी होती. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी खातं काढून त्यांच्यापुढं धरलं. म्हणाले, भीमाला परवडत नाही बाई, त्याच्या पोटातला कापूस नुकताच बदललाय. सूटच पाहिजे तर नकुल घेऊन जा, तो रिकामाच आहे. बाई म्हणाल्या, नकुलाला घेऊन दुःशासनाला कोण मारणार? मामा म्हणाले, ते तुमच्या मास्तरांनी बघायचं. बाई रागावून पायरी उतरल्या. मी कपाळाला हात लावला. आणि अर्ध्या तासानं बाई परत आल्या आणि पूर्ण भाडं देऊन भीम घेऊन गेल्या.

दरवर्षी आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आम्ही कात्री, ब्रश, सरसाचं भांडं आणि मामांची वही मांडून पूजा करायचो. वहीला कुंकू लावलं की मी माझा जुना प्रश्न विचारायची. मामा, आता तरी सांगा, चालवण्यात अर्थ आहे का? आणि मामा दरवर्षी वही मिटून म्हणायचे, "एक खातं राहिलंय अजून. ते लागलं की सांगतो." मला वाटायचं अर्जुनाचंच काहीतरी असणार. हे म्हणायचे, अगं इतकी वर्षं झाली, हा म्हातारा हिशेब लिहितोय की महाभारत?

मधे टीव्हीवर देवांच्या मालिका आल्या आणि आमचे दिवस फिरले. प्रत्येक शाळेला तसलेच उंच मुकुट हवे, तसलेच दागिने हवे. मी रात्र रात्र बसून बेगड चिकटवली. रावणसुद्धा एका वर्षी फायद्यात आला, तर मामांनी स्वतःच्या पैशानं त्याला नारळ फोडला. मग ते सगळं ओसरलं. गॅदरिंगात सिनेमातली गाणी आली, आणि गाण्यांना देव लागत नाहीत. ज्यांना लागायचे त्यांना बंगळूरहून चकचकीत तयार कपडे मिळायला लागले. माझा उजवा अंगठा आखडला तो सकाळी वाकेचना. सरसानं बोटांना चिरा पडल्या त्या मिटेनात. त्या वर्षी बंगळूरचा एक मोठा कंत्राटदार दुकान बघून गेला. म्हणाला, सगळं एकगठ्ठा घेतो, आयुधपूजेच्या आत कळवा. रक्कम बरी होती.

मी मामांना सांगितलं, आता मात्र उत्तर पाहिजे. विकू की चालवू? तुम्ही सांगाल तसं करते. घरी हे हसले. म्हणाले, कुणाला विचारतेस? दुकान बंद झालं तर त्यांची संध्याकाळ गेली. स्वतः बसायचं स्टूल कोण मोडतो? लेक्का बरोबर चालवण्याच्या बाजूनं लागणार, बघ. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. दुकान विकायचा विचार आला की मी उगाच एखादा मुकुट काढून पुसत बसायची.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी मामा आले. मी यजमानांच्या, म्हणजे बाळकृष्णाच्या, मुकुटाला मोरपीस बसवत होते आणि अंगठा साथ देत नव्हता म्हणून दातांनी दोरा ओढत होते. मामा थोडा वेळ ते बघत उभे राहिले. मग म्हणाले, ठेव ते खाली, बस. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी बस म्हटलं नव्हतं.

"इंदू, दुकान तोट्यात आहे."

मी विचारलं, कधीपासून?

"पहिल्यापासून."

मला काही समजेना. मी म्हटलं, असं कसं, गेल्या वर्षी तर तुम्हीच म्हणालात की कृष्णानं सगळ्यांचं भरून काढलं. मामा म्हणाले, काढलं ना. त्या सगळ्यांचा लेक्का बरोबरच आहे. रावणाचा आहे, हनुमानाचा आहे, नकुलाचासुद्धा आहे.

"तुझं खातं घातलं नाही मी. शिंप्याला मजुरी दिली, धोब्याला दिली, रिक्षावाल्याला दिली. तुझ्या मजुरीचा एक पैसा कुठं लिहिलेला नाही. तो लिहिला तर गल्ल्यात काही उरत नाही. हे सगळे देव तुझ्या फुकटच्या हातांवर नाचले, इंदू."

मी माझ्या हातांकडं बघितलं. खरंच, माझ्या हातांना मजुरी असते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दुकान माझं, मग मला कोण देणार?

मी म्हटलं, आणि हे तुम्हाला आज कळलं होय?

मामांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकानं पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"पहिल्याच वर्षी कळलं. सांगितलं असतं तर तू त्याच वर्षी बंद केलं असतंस. मग संध्याकाळी मी कुठं गेलो असतो?"

राग आला, खोटं कशाला बोलू. असा आला की कानशिलं तापली. माझी एवढी वर्षं, माझा अंगठा. तोंडावर काहीतरी कडू बोलणारच होते. पण मामा स्टुलावर बसले होते ते मान खाली घालून, पाठ वाकवून. त्यांना तसं बसलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, वीक. रक्कम चांगली आहे. आणि चांगली नसती तरी मी वीकच म्हणालो असतो. आमच्या ह्यांचा अंदाज साफ चुकला होता, आणि मला त्याचा आनंद झाला की वाईट वाटलं ते आजही सांगता येत नाही.

कंत्राटदाराचा टेंपो आला त्या दिवशी मामा वही घेऊन फुटपाथवर उभे होते. एकेकाचं नाव पुकारायचे, हमाल त्याला चढवायचे, मामा खूण करायचे. रावणाची पाळी आली तेव्हा त्यांनी हमालाला थांबवलं आणि कन्नडात बजावलं की ह्याला आडवा घालू नको, डावीकडचं शेवटचं डोकं कच्चं आहे. टेंपो वळला. मामांनी वही मला दिली, आय्तु, म्हणजे झालं, एवढंच म्हणाले, आणि गल्लीत वळले.

पुढचे काही दिवस मी नुसती झोपले. अंगठ्याला तेल लावलं, झोपले. दिवाळी जवळ आली तशी चिरोटी केली आणि म्हटलं, मामांना नेऊन द्यावी. त्यांच्या खोलीवर मी पहिल्यांदाच जात होते. तेही आमच्या घरी कधी आले नव्हते. बोलावलं की विचारायचे, काय काम आहे? आणि काम तर दुकानात असायचं.

दिवे लागायची वेळ होती. दार उघडंच होतं, आत दिवा नव्हता. मामा खाटेच्या काठावर बसले होते. अंगात काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, पायात बूट, नाड्या बांधलेल्या, हात गुडघ्यांवर. मी विचारलं, कुठं निघालात मामा?

"कुठं नाही."

मी दिवा लावला. खोली लख्ख, एक खाट, एक ट्रंक, एक स्टो. मामा डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होते. मग सावकाश म्हणाले, "सहा वाजता ह्या घरात कसं असतं ते मला माहीतच नव्हतं, इंदू. आधी बन्नूरची बस, मग तुझं दुकान. ह्या वेळेला मी घरी कधी नव्हतोच. फार शांत असतं गं."

चिरोटीचा डबा मी हातातच धरून ठेवला. म्हटलं, हा इथं ठेवत नाही, आमच्या घरी चला, तिथं बसून खा. उद्याही या. रोज या.

मामा गोंधळले. खरंच गोंधळले. त्यांनी विचारलं, "पण लेक्का काही नाही ना आता? काम नसताना कुणाकडं जाऊन काय करायचं असतं?"

मी म्हटलं, काही करायचं नसतं मामा, नुसतं बसायचं असतं, आणि हे तुम्हाला शिकवायला आमचे हे आहेत, त्यांना दुसरं काही येत नाही.

मामा थोडं हसले. मग उठले, दिवा मालवला आणि कुलूप शोधलं. बूट घालायला थांबावं लागलं नाही, ते पायात होतेच.