चौथ्या किल्लीची पोथी

रविवारपर्यंत जहागीरदाराचा खुनी आपल्या हाती लागणार, याबद्दल सोनालीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुस्तकाचं नाव 'चौथ्या किल्लीचं कोडं'. शहापूरच्या वाचनालयातून आणलेलं आणि निम्मं वाचून झालेलं. जहागीरदार कुलूपबंद खोलीत मरून पडलाय, त्या खोलीच्या किल्ल्या तीन, आणि आता बागेतल्या कुंडीखाली चौथी सापडलीय. अशा जागी पुस्तक मिटून भाकऱ्या थापायला उठावं लागलं, तर माणसाचं काय होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक!

लग्न होऊन ती या गावात नवीनच आली होती. गाव टोकावड्याच्या अलीकडे, फाट्यावरून आत. नवरा सुनिल शहापूरकडच्या कंपनीत कामाला, तिकडेच मित्रांबरोबर खोलीवर राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. भाताची लावणी उरकली होती, श्रावण लागला होता. दुपारी भांडी घासून झाली की मागच्या पडवीत बसायचं आणि वाचायचं, अशी साधी सरळ योजना होती. तिच्यात चूक एकच झाली. ती योजना सासूला कळली.

"काय करतंस गो?" गुणाबाईंनी विचारलं.

"पुस्तक वाचतेय, आई. सध्या हेच चाललंय."

गुणाबाईंना अक्षरओळख नव्हती. आपली सून पुस्तक वाचते, याचा त्यांना इतका अभिमान वाटला की त्या भरलेला हंडा पुन्हा रिकामा करून विहिरीवर गेल्या. तिथे चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "आमच्या सोनालीनं पुस्तक लावलंय."

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. या गावात पुस्तक म्हणजे पोथी. श्रावणात एका घरी पोथी लागायची, एकजण मोठ्यानं वाचायचा, गाव ऐकायचं, आणि ओळीओळीला गोमाबुवा तिचा अर्थ सांगायचे. शेवटच्या दिवशी नारळ फुटायचा. एकट्यानं, मनातल्या मनात, स्वतःपुरतं पुस्तक वाचणं म्हणजे पातेलंभर खीर करून दार लावून खाण्यासारखं. आणि यंदा पोथी लागलीच नव्हती, कारण वाचणाऱ्या गुरुजींची बदली झाली होती. गाव नुसतं वाट बघत बसलं होतं.

दिवेलागणीला सोनाली तांदूळ निवडत होती. अंगणात पावलं वाजली. शेजारची रखमी काखेत गोणपाट मारून आली, तिच्यामागे पारू, मग नथूचं सगळं खटलं. ओटी भरली, पडवी भरली. सगळ्यांत शेवटी गोमाबुवा आले, धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला बुक्का लावून. गुणाबाईंनी पाट मांडला, समई लावली आणि सुनेचं पुस्तक पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. वाचनालयाचा निळा शिक्का होता, नेमका त्याच्यावर. शिक्क्याखाली छापलेलं होतं, पुस्तकावर कसल्याही खुणा करू नयेत.

सोनालीनं सासूला आत बोलावून सांगायचा प्रयत्न केला की ही पोथी नाही, ही रहस्यकथा आहे, हिच्यात खून आहे. गुणाबाई म्हणाल्या की पोथ्यांमध्ये काय कमी माणसं मरतात काय. मग त्यांचा आवाज उतरला. सगळ्यांना मीच सांगून बसले, आता नाही म्हणालीस तर माझं तोंड कुठं लपवू, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला की सोनाली मुकाट्यानं बाहेर येऊन पाटासमोर बसली. निदान पुढचं तरी कळेल, असा विचार करून तिनं खुणेचं पान उघडलं.

"पयल्यापासून लाव, बाय," गोमाबुवा म्हणाले. "मधून लावली तर फल नाय मिलत."

तेव्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी वाचून झाली तीन पानं. कारण दर दोन ओळींनी बुवा हात वर करायचे आणि अर्थ सांगायचे. जहागीरदार म्हणजे जीव. कुलूपबंद खोली म्हणजे देह. तीन किल्ल्या म्हणजे तीन गुण. मग चौथी कसली, असं पारूनं विचारलं, तर बुवांनी क्षणभर डोळे मिटले आणि ते पुढं येईल म्हणून सांगितलं. पुढं काय येणार हे अर्थात त्यांनाही ठाऊक नव्हतं. इन्स्पेक्टर आले तेव्हा हेच सद्गुरू, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना हात जोडायला लावले.

वाचन संपलं की बुवा पुस्तक लाल फडक्यात बांधायचे. गाठ त्यांची स्वतःची, भाताचा भारा आवळावा तशी. वर एक जास्वंदीचं फूल, आणि पुस्तक देव्हाऱ्यात. नियम साधा होता. बैठकीशिवाय पोथी उघडायची नाही, आणि वाचणारीनं तर पुढचं मुळीच वाचायचं नाही. वाचणारीनं पुढचं वाचलं तर पोथी खंडते.

म्हणजे बघा, गावात पुस्तक वाचता येणारी बाई एक, पुस्तक तिचं, आणि ते वाचायला बंदीही तिलाच. दुपारी भांडी घासून ती मागच्या पडवीत बसायची आणि देव्हाऱ्याकडे बघत राहायची. सुनिल शनिवारी आला तेव्हा तिनं त्याला वाचनालयात जाऊन मुदत वाढवून घ्यायला सांगितलं. एकट्यानं वाचायचं पुस्तक एवढे दिवस कसं पुरतं, याचं तिथे काय उत्तर द्यायचं ते तूच ठरव म्हणाली.

गावाला मात्र चौथ्या किल्लीनं झपाटलं. बांधावर, विहिरीवर, एसटीची वाट बघताना फाट्यावर, सगळीकडे एकच विषय. पुरुषमंडळींचं मत पडलं की खून मुनिमानं केला, कारण तो फार गोड बोलतो. बायका पुतण्यावर संशय घेत होत्या. पुतण्या आणि जहागीरदाराची धाकटी बायको मालती यांचा बागेतला प्रसंग सोनालीनं सासूदेखत वाचायला नको म्हणून गाळला होता, पण रखमीचं लक्ष पानांवर होतं. "दोन पानं पलटलीस गो तू," ती म्हणाली. तो प्रसंग वाचावा लागला. बुवांनी त्याचा अर्थ सांगितला नाही. त्यांनी पाणी मागितलं.

शेवटी पंधरवडा उलटल्यावर एका दुपारी सोनालीचा धीर सुटला. गुणाबाई शेतावर गेल्या होत्या. घरात चिटपाखरू नव्हतं. तिनं हात धुतले, देवाला नमस्कार केला, फूल बाजूला ठेवलं, गाठ सोडली आणि पुस्तक मागून उघडलं. तेवढ्यात पाठीमागे विळा खाली ठेवल्याचा आवाज आला.

दारात गुणाबाई उभ्या होत्या. "सोनाली, पाप लागंल," त्या म्हणाल्या. सोनालीनं पुस्तक मिटलं. गुणाबाई आत आल्या, त्यांनी दार लोटलं, तिच्याशेजारी फतकल मारून बसल्या आणि तिच्या कानाशी लागल्या.

"मंग, कोनी मारला त्याला?"

सोनालीनं घाईघाईनं शेवटचं पान वाचलं. त्यात कुणाचं नावच नव्हतं. पोलिसांची जीप निघाली होती, 'आणि त्या मनगटांत बांगड्यांच्या जागी आता बेड्या होत्या.' एवढंच. वाड्यात बायका तर चार होत्या. कुठली ते बघायला ती मागचं पान उलटणार, तोच अंगणात रखमी हाका मारत आली. मिरची हवी होती तिला. दोघींची तारांबळ उडाली. सोनालीनं पुस्तक फडक्यात कोंबून गाठ मारली, गुणाबाईंनी वर फूल ठेवलं, आणि रखमीला लागली त्याच्या दुप्पट मिरची मिळाली.

"बाईमाणूस हाय तर," गुणाबाई रात्रीच्या भाकरीचं पीठ मळताना स्वतःशीच म्हणाल्या. हे त्या कुणाला सांगणार नव्हत्या. तशी त्यांनी सोनालीच्या डोक्यावर हात ठेवून शपथही घेतली. फक्त संध्याकाळी विहिरीवर रखमी पैज लावायला लागली पुतण्यावर, तेव्हा तिचं नुकसान होऊ नये एवढ्याच भावनेनं त्या थोडंसं बोलल्या.

त्या दिवशीच्या बैठकीत गोमाबुवा रंगात आले होते. मुनीम म्हणजे लोभ, आणि लोभच जिवाचा घात करतो, तेव्हा खुनी मुनीमच, हे त्यांनी तीन दृष्टान्त देऊन पटवून दिलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बुवा थांबले, आणि काय झालं म्हणून त्यांनी विचारलं.

"काय नाय, बुवा," रखमी म्हणाली. "पन मुनीम बांगड्या घालतो काय?"

बुवांनी चष्मा नसलेले डोळे बारीक केले. "बांगड्या?" ते म्हणाले. "बांगड्या अजून आल्याच नाय पोथीत."

एवढे दिवस इन्स्पेक्टरचं ऐकून ऐकून म्हातारा तयार झाला होता. त्यांनी लाल फडकं मागवलं. आज वाचनाआधी ते सोनालीनंच बाजूला टाकलं होतं, पण गडबडीत गाठ सोडायची राहिली होती, नुसतं पुस्तक ओढून घेतलं होतं. बुवांनी ती गाठ समईपुढे धरली. गाठ कसली, वेणीच्या रिबिनीचं फूल होतं ते, दोन कान काढलेलं.

"ही भाऱ्याची गाठ नाय," बुवा म्हणाले. "पोथी कोनी उघडली?"

"मी," गुणाबाई चटकन म्हणाल्या.

सगळे हसले. अक्षर न कळणाऱ्या बाईनं पोथी उघडून काय बघितलं, चित्रं? गुणाबाईंनी मान खाली घातली. आपल्यासाठी ही बाई सगळ्या गावासमोर खोटं बोलली, हे बघून सोनालीला भरून आलं. ती उठून उभी राहिली आणि तिनं सरळ सांगून टाकलं की उघडली मीच, आणि आईंना वाचूनही मीच दाखवलं, राहवलं नाही म्हणून. आता गाव काय म्हणेल त्याची तिनं तयारी ठेवली.

सगळे बुवांकडे बघत होते. बुवांनी विचार केला आणि निकाल दिला.

"पोथी खंडली. आता पयल्यापासून लावायला लागंल."

सोनाली मटकन खाली बसली. बाकी सगळ्यांचे चेहरे खुलले होते. नथू तर म्हणाला की बरंच झालं, सुरुवातीला त्याचा एक दिवस चुकला होता. तिनं पुस्तक पहिल्या पानावर उघडलं आणि जहागीरदाराला पुन्हा जिवंत केलं.

त्यानंतरच्या शनिवारी सुनिल आला तो गालातल्या गालात हसतच. वाचनालयात मुदत वाढवायला गेला होता. सगळं गाव मिळून एकच पुस्तक वाचतंय, हे ऐकून ग्रंथपाल खुर्चीतून उठले, त्यांनी मुदत दिली, आणि बोलता बोलता खुनी कोण तेही सांगून टाकलं. सोनाली चहा गाळत होती. सुनिल तिच्याजवळ उकिडवा बसला.

"सांगू?" तो म्हणाला.

एवढे दिवस ती याच एका शब्दासाठी तळमळली होती. तिच्या ओठावर 'सांग' आलंही. मग तिला समईपुढे धरलेली ती गाठ आठवली, बुवांचा निकाल आठवला, पहिलं पान आठवलं. पोथी तिसऱ्यांदा लावायची? तिनं गाळणी हातात तशीच धरून दोन्ही कान दाबले.

"नको. एक अक्षर बोलू नकोस. पोथी खंडेल माझी."

सुनिलचं तोंड एवढंसं झालं. मुरबाडला गाडी बदलून, उभ्यानं प्रवास करून त्यानं ते नाव जपून आणलं होतं. तोच चुलीपाशी बसलेल्या गुणाबाई हळूच पुढे सरकल्या.

"तिला नको सांगू," त्या म्हणाल्या. "मला सांग. मला कुठं वाचता येतं? मला नाय पाप लागत."

माय-लेक बोलायला मागच्या पडवीत गेले. थोड्या वेळानं गुणाबाई हंडा घेऊन लगबगीनं विहिरीकडे गेल्या. हंडा भरलेला होता.

संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त गोणपाटं आली. आज कुणी पैजा लावत नव्हतं, चौथ्या किल्लीबद्दल एक शब्द निघत नव्हता. गोमाबुवांनीसुद्धा मुनिमाचं नाव टाकून दिलं होतं आणि माया किती फसवी असते यावर ते बोलत होते. सोनाली वाचत होती. मध्येच तिनं मान वर केली, तर सगळं गाव पुस्तकाकडे नाही, तिच्याकडे बघत होतं. रखमीच्या नजरेत तर माया दाटून आली होती.

"वाच, बाय, वाच," ती म्हणाली. "तुला अजून ठाव नाय ना."