धाब्यावरचा पाहुणा

मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हणून उकंडरावांनी चिखलीहून टीव्ही आणला आणि घोळ तिथूनच सुरू झाला. (गावातला पहिला टीव्ही पाहून पाहुणे दबतील आणि लेकीचं, कोकिळेचं, जमेल, असा बेत.) पाहुण्यांच्या आधी गावच आलं. रविवारी संध्याकाळी कुणीही यावं, चपला काढाव्या, सतरंजीवर बसावं. कोण आलं हे विचारायची पद्धतच त्या घरातून गेली.

पाहुणे सकाळच्या एसटीनं यायचे होते. संध्याकाळ झाली तरी पत्ता नाही.

"हेबी स्थळ गेलं वाटते," त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, डोळ्यांना पदर लावला. "आता पोरीचं कसं होईन?"

रविवार होता, गाव जमलं होतं; उकंडरावांनी दुःख विसरायला टीव्ही लावला. मालिका घरगुती, विनोदी होती. होणारा जावई घरी येतो आणि सासरा त्याला नळ दुरुस्त करणारा समजतो.

"काय येडा बुढा हाये बे!" उकंडरावांनी मांडीवर थाप मारली. "दारात जावई उभा, अन् याले वयखू येत नाही!"

तेवढ्यात दारात तीन माणसं आली. पडद्यावरची नजर न काढता उकंडराव म्हणाले, "बसा मांगं. बोलू नका."

तिघं बसली. चित्र हलायला लागलं.

"ए उंच्या, जाय बे धाब्यावर! अँटेना फिरव!"

कडक इस्त्रीच्या सदऱ्यातल्या तरुणानं बापाकडे पाहिलं. (मुलाची परीक्षा घेऊन राह्यले असतील, असं बापाला वाटलं.) बापानं मान हलवली. तो शिडीनं घराच्या छतावर चढला.

चित्र आलं की नाही ते वर सांगायला कोकिळा अंगणात उभी होती.

"आलं का?"

"नाही. जरा चिखलीकडं फिरवा."

"आता?"

"आलं होतं. तुमी हात काढला की जाते."

"मंग काय इथंच उभा राहू?"

"राहा ना. कोन हाकलते?"

मालिका संपली, गाव उठलं. तरुण खाली येऊन बापाच्या कानाशी लागला. ते तिघे काही हलेनात.

"संपलं ना, भाऊ," उकंडराव म्हणाले.

"आमी मलकापूरहून आलो," तरुणाचे म्हातारे वडील म्हणाले. "एसटी रस्त्यात बंद पडली."

मनकर्णाबाईंनी पदर सावरला. उकंडरावांनी घाईनं टीव्ही बंद केला.

"पोराले पोरगी पसंत हाये," म्हातारे पुढं म्हणाले. "पाहून झालं, बोलूनबी झालं. आता फक्त पोरीच्या बापाले बोलवा."

"मीच तो," उकंडराव कसेबसे म्हणाले.

"तुमी?" म्हाताऱ्यांनी त्यांना खालून वरपर्यंत पाहिलं. "आमाले वाटलं, तुमीबी शेजारूनच टीव्ही पाह्यले आले!"