लिनसाहेबांची फॅमिली

बोईसरच्या हॉटेल सोनेरी ड्रॅगनमध्ये पारंपरिक चायनीज मिळत असे, पण फक्त फॅमिली रूममध्ये. एकट्यादुकट्या पुरुषांनी बाहेरच्या हॉलमध्ये थाळी खावी, आणि पडद्यामागच्या गार खोलीत सहकुटुंब बसून मंचुरियन खावं, असा शिस्तीचा नियम होता. अठ्ठ्याऐंशी सालापर्यंत त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

त्या वर्षी तारापूरच्या एका कापड कारखान्यात तैवानहून यंत्र आलं आणि ते जोडायला लिनसाहेब आले. कॅन्टीनच्या आमटीचा पहिला घास घेतल्यापासून ते केळी-बिस्किटांवर होते. शेवटी त्यांनी बॅग भरली. यंत्र सुरू झालं तर त्यांच्या हाताखालचा टेंपररी कामगार कमलाकांत पर्मनंट होणार होता. साहेब गेले तर यंत्रही बंद आणि कमलाकांतही. साहेबांना घेऊन त्याने तडक सोनेरी ड्रॅगन गाठलं.

"फॅमिली कुठाय?" मॅनेजरने विचारलं.

"साहेबांना चायनीज खायचंय. ते तिकडचेच आहेत."

"तिकडचे असू देत. चायनीज हा फॅमिली आयटम आहे. एकट्याला दिलं तर उद्या कोणीही मागेल."

युक्तिवाद बिनतोड होता. साहेबांना बाकावर बसवून कमलाकांत रिक्षाने सरावलीला घरी गेला, बायकोला, शालूला, घेतलं आणि येता येता बाजारातून सासूला उचललं. सासू गोदूबाई सुकी मासळी विकत. त्या पाटीसकट आल्या.

मॅनेजरने तिघांना आत सोडलं आणि लिनसाहेबांपुढे हात आडवा धरला. "हे कोण लागतात?"

"पाव्हणे आहेत," शालू म्हणाली.

"पाहुणा फॅमिलीत धरत नाहीत."

"माजा मुलगा हाय," गोदूबाई म्हणाल्या.

मॅनेजरने दोघांची तोंडं निरखून पाहिली. "तोंडवळा जुळत नाही."

"बापावर गेलाय."

यावर नियमात काही तरतूद नव्हती. पडदा उघडला.

लालभडक मंचुरियन आलं. हे काय आहे, असं लिनसाहेबांनी विचारलं. चायनीज, असं कमलाकांतने सांगितलं. साहेबांना ही बातमी नवीन होती. त्यांनी चमचा खाली ठेवला. कमलाकांतचा चेहरा पडला आणि गोदूबाईंचा पारा चढला.

"नुसता बगत काय बसलास? हाडं वर आलीत तुजी. खा गुमान."

त्यांनी पाटीतले दोन बोंबील आचाऱ्याकडून भाजून आणले आणि साहेबांच्या भातावर ठेवले. त्या टेबलावर साहेबांच्या ओळखीचं तेवढंच होतं. त्यांनी बोंबील खाल्ला, भात खाल्ला, पुन्हा भात मागितला. दुसऱ्या दिवशी बॅग उघडली आणि आठवड्यात यंत्र धडधडू लागलं.

मॅनेजर पडद्याआडून सगळं बघत होता. एवढं फक्त आईच बोलते, असं त्याचं मत पडलं.

वसाहतीत बोभाटा झाला. ज्या ज्या कारखान्यात परदेशी तंत्रज्ञ उपाशी होता, तिथून गोदूबाईंना गाडी येऊ लागली. सोनेरी ड्रॅगनने बोर्ड लावला: 'परदेशी पाहुण्यांनी फॅमिली आणावी. नसल्यास काउंटरवर मिळेल.' गोदूबाईंना जर्मन मुलगा झाला, कोरियन झाला, दोन इटालियन झाले. सगळे बापावर गेलेले. बापाची चौकशी कोणी केली नाही, कारण नियम तसं काही म्हणत नव्हता.

कमलाकांत पर्मनंट झाला. त्या आनंदात तो शालूला घेऊन फॅमिली रूममध्ये गेला. शेजारच्या टेबलावर गोदूबाई जर्मन मुलाला दटावत होत्या, तो हसत होता, त्यांच्याच ताटलीतलं उचलून खात होता. इकडे कमलाकांत काचेच्या टाकीतले मासे बघत होता. शालू बांगड्या सारख्या करत होती. सूप आलं, संपलं.

मॅनेजर बराच वेळ बघत राहिला. मग जवळ आला.

"तुम्ही एकमेकांचे कोण?"

"नवरा-बायको."

"असं सगळेच सांगतात. शेजारी बघा जरा, फॅमिली कशी असते ती."

दोघांना हॉलमध्ये बसवण्यात आलं. थाळी आली. पापड मोडता मोडता शालू म्हणाली, "आईला बोलवू या का?"

हसू नका. गेल्या रविवारी पलीकडच्या टेबलावर तुम्हीच होता, सहकुटुंब. सूप संपून भात आला तरी तुमच्यातलं कोणी बोलायला तोंड उघडलं नव्हतं, आणि मॅनेजर पडद्यापाशी येऊन उभा राहिला होता.