सांबरवाडीचा पाहुणचार

"गावापासूनचं एसटीचं तिकीट जोडा," खिडकीमागचे परचुरे साहेब मान वर न करता म्हणाले.

"साहेब, आमच्या गावात एसटी येतच नाही. म्हणून तर गाव दुर्गम आहे," शालू म्हणाली.

"तिकीट नाही म्हणजे प्रवास नाही. प्रवास नाही म्हणजे प्रवास अनुदान नाही. पुढचा!"

मागे कोणी नव्हतं. तरीही साहेब "पुढचा" म्हणाले, कारण पुण्यात खिडकीत बसलेल्या माणसाला तो शब्द उच्चारल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

शालूचं गाव सांबरवाडी, भोरच्या पलीकडे डोंगरात. पहाटे डोंगर उतरून फाट्यावर यायचं, तिथून एसटीने स्वारगेट आणि पुढे बिबवेवाडीतलं कॉलेज. तिचा बाप गेनबा मार्केट यार्डात हमाल होता आणि गावचा सरपंचही होता. गावातले निम्मे पुरुष यार्डातच ओझी वाहत असल्याने सांबरवाडीचा बराचसा कारभार कांद्याच्या गाळ्यासमोर चाले, आणि गावचा शिक्का गेनबाच्या बंडीच्या खिशात तंबाखूच्या डबीशेजारी असे. एसटीचा पास आता त्याला झेपत नव्हता. दिवाळीपर्यंत अनुदान आलं नाही तर शालूचं कॉलेज बंद, आणि आईबरोबर यार्डात कांदे निवडणं सुरू. हे घरात ठरून गेलं होतं.

"दुर्गम असल्याचा सरपंचाचा दाखला जोडलाय, साहेब," शालूने शेवटचा प्रयत्न केला.

"सरपंच कोण?"

"माझे वडील."

"वा! म्हणजे बापाने लेकीला दाखला दिला. घरचाच कारखाना!" साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल. गुरुवारी येतो मी."

ही बातमी ऐकून शालूला हायसं वाटलं. साहेब तो डोंगर एकदा चढले की अर्धं काम झालं, असा तिचा सरळ हिशेब होता. पण गेनबाचा चेहरा वेगळ्याच काळजीने उतरला.

"पुण्याचा सायेब. डोंगर चढायची सवं आसंल का रं त्यांना?" त्याने टेम्पोवाल्या सिराजला विचारलं. सिराज त्याचा यार्डातला जुना दोस्त.

"टेन्शन नको घेऊ गेनबा. शेठची सुमो मागून आणतो. एसीवाली."

"अहो आबा, त्यांना त्रास व्हायला पाहिजे!" शालू ओरडली. "तेच तर दाखवायचंय!"

"येडी का काय तू? आपल्या दारात येणाऱ्या पाव्हण्याला तरास द्यायचा? लोकं शेण घालतील तोंडात!"

मग सांबरवाडी कामाला लागली. ओढ्यात दगड भरले, पायवाटेवरची झुडपं तोडली, खड्ड्यांत मुरूम टाकला. स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांत जो रस्ता झाला नव्हता, तो एका पाहुण्यासाठी आठवड्याच्या आत झाला. गुरुवारी साहेब सुमोत बसले, एसीच्या गारव्यात खेड शिवापूरलाच त्यांचा डोळा लागला. शेवटच्या चढावर गाडी हटून बसली, तेव्हा आठ गडी मागून तिला लोटत होते आणि गेनबा तोंडावर बोट ठेवून सांगत होता, "दमानं! सायेब जागं व्हतील!"

साहेब जागे झाले ते गावाच्या मारुतीसमोर. ताशा वाजला, नारळ दिला, मथुराबाईने, म्हणजे शालूच्या आईने, पुरणपोळीवर तुपाची धार सोडली. साहेब तीन पोळ्या जेवले आणि परतीच्या वाटेवरही झोपले.

अहवाल आला : "सदर गावी चारचाकी वाहनाने सुखरूप व आरामात पोहोचता येते. गाव दुर्गम नाही."

दोन दिवसांनी पाऊस झाला आणि तो रस्ता ओढ्याबरोबर निघून गेला. शालू रडली, जेवली नाही, बापाशी बोलली नाही. शेवटी तिने फेरपाहणीचा अर्ज केला आणि बापाला देवासमोर उभं करून शपथ घातली, की या वेळी पाहुणचार नाही.

गेनबा शपथेला जागला. गावाला दम दिला, "सायेब ईल तवा कुणी भाईर पडायचं न्हाई. वाट इचारली तरी सांगायची न्हाई. चालू दे त्याला त्याचा त्यो!"

सांबरवाडीला अर्धवट काही जमत नाही. परचुरे साहेब फाट्यावर उतरले, तेव्हा वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने "आमाला न्हाई म्हाईत" असंच सांगितलं. साहेब उन्हात भलत्याच टेकडीला वळसा घालत राहिले. मथुराबाईला दाराच्या फटीतून ते लांब टेकडीवर दिसत होते. हातात पाण्याचा तांब्या घेऊन ती मुसमुसत होती, "तहानलेला मानूस दारावरनं चाललाय वो! कुठं फेडावं हे पाप!" गेनबाने तिचा हात धरून ठेवला होता, पण डोळे त्याचेही भरले होते.

या वेळी अहवाल लवकर आला : "शोध घेऊनही सदर गाव आढळून आले नाही. अस्तित्वात नसलेल्या गावच्या विद्यार्थिनीस अनुदान देता येत नाही."

दिवाळी झाली. शालू आईशेजारी बसून कांदे निवडू लागली. वर्गातल्या मैत्रिणी काय शिकत असतील याचा विचार करायचा नाही, असं ती रोज ठरवायची आणि रोज तोच विचार करायची.

एका दुपारी कांद्याच्या टरफलांतून पाय उचलत परचुरे साहेब आले. खिडकीशिवाय ते बरेच लहान दिसत होते.

"सरपंच कुठायत? एक दाखला हवा होता. मी दोनदा पाहणीला आलो, त्याचा दुर्गम भाग भत्ता अडलाय. गाव दुर्गम आहे, असा सरपंचाचा दाखला लागतो."

"पण साहेब," शालू उठून उभी राहिली, "तुमच्या अहवालात तर गावच नाही!"

"अहवाल वेगळा, भत्ता वेगळा. दोन्हींची टेबलं वेगळी आहेत."

"आबा, देऊ नका," शालू म्हणाली. "तुम्हाला माझी शपथ आहे."

गेनबाने पाठीवरचं पोतं उतरवलं. त्याने साहेबांच्या घामेजल्या कपाळाकडे पाहिलं. हाच माणूस आपल्या दारावरून तहानलेला गेला, हे त्याला गेले कित्येक दिवस गिळवत नव्हतं.

"पोरी, एकदा ऐकलं तुझं. आता न्हाई," तो म्हणाला. "लिव्ह. तुझं अक्षर चांगलं हाय."

आणि शालूने लिहिलं. ओढा लिहिला, चढ लिहिला, पावसात तुटणारी वाट लिहिली. स्वतःच्या अर्जात लिहिलं होतं, तेच सगळं पुन्हा लिहिलं. गेनबाने शिक्का काढला, तंबाखू झटकली आणि ठसा नीट उठावा म्हणून दोनदा मारला.

साहेबांनी दाखला वाचला. त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम! इतका स्पष्ट दाखला मी आजवर पाहिला नाही. अगं मुली, हा तुझ्या अर्जाला का नाही जोडलास?"

"जोडला होता, साहेब. पहिल्याच दिवशी."

"असं?" साहेबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "आता मुदत संपली."

ते निघाले. गेनबा लगबगीने आडवा गेला. "सायेब, आसं कोरड्या तोंडानं जाऊ नगा. च्या घ्या."

कांद्यात बसलेल्या पोरीच्या डोळ्यांत पाणी का आलं, हे यार्डात कोणी विचारत नाही. शालूने ओढणीने डोळे पुसले आणि समोरच्या टपरीवर गेली.

"एक स्पेशल," ती म्हणाली. "पाहुण्यासाठी आहे. साखर जास्त टाका."